पदपथ पाहणी अहवाल : लेखन आणि संपादनाच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्पाचे क्षेत्र पुण्याच्या मध्यवस्तीतील एका बाजाररस्त्याचे दोन्ही बाजूंचे पदपथ असे आहे आणि भागीदार महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय आहे. आमचा गट पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा असून अहवालाच्या संपादनाची जबाबदारी माझ्याकडे आहे, म्हणून या नोंदीही मीच ठेवत आहे.

३ ऑगस्ट २०२३

क्षेत्रीय कार्यालयात उपअभियंत्यांबरोबर पहिली बैठक झाली. आम्ही नेलेल्या प्रस्तावाचा विषय ‘शहरावरील पादचाऱ्यांचा हक्क’ असा होता. साहेबांनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “या रस्त्याचा नवा आराखडा न करता, देखभाल-दुरुस्तीच्या तरतुदीतून, नेमक्या कुठल्या तुकड्यांवर लोकांना पदपथावरून सलग चालता येईल अशी सोय करता येईल, एवढे तुम्ही सांगू शकाल का?” हा प्रश्न आमच्या प्रस्तावापेक्षा लहान आहे, पण त्याचे उत्तर मिळाले तर येत्या अंदाजपत्रकात त्यावर काम होऊ शकते. आम्ही तो स्वीकारला. हक्काविषयीची सैद्धांतिक चर्चा विद्यापीठाला द्यायच्या प्रबंधात जाईल आणि महापालिकेसाठी स्वतंत्र अहवाल लिहिला जाईल, असे मार्गदर्शक मॅडमशी बोलून ठरले. एकाच लिखाणात दोन्ही वाचकांना सांभाळायला गेलो, तर अभियंत्याला पहिली पंधरा पाने उलटावी लागतील आणि परीक्षकाला शेवटची पंधरा पाने नकोशी होतील.

बैठकीत काही गोष्टी लेखी ठरवून घेतल्या. मोजमापांचे मूळ तक्ते दोघांकडेही राहतील, छायाचित्रांत कोणाचाही चेहरा दिसणार नाही आणि मसुदा विभागाला आधी वाचायला मिळेल. निष्कर्ष मात्र गटाचे असतील. विभागाचे मत वेगळे असल्यास ते त्याच पानावर ‘विभागाचे म्हणणे’ या शीर्षकाखाली छापले जाईल. ही शेवटची अट मॅडमनी सुचवली आणि साहेबांनी लगेच मान्य केली.

मार्च २०२२ पासून महापालिकेत निवडून आलेले सभागृह नाही, कारभार प्रशासकांकडे आहे. त्यामुळे आज हा अहवाल मुख्यतः अधिकारी वाचतील. पण पुढे नगरसेवक येतील, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतील आणि आम्हीही इथे नसू. समजावून सांगायला कोणीही नसताना अहवाल वाचून काम करता आले पाहिजे.

९ ऑगस्ट

नोंदतक्ता तयार करण्यात दोन दिवस गेले आणि ते योग्यच झाले, कारण तक्त्यात जो रकाना नाही त्याविषयीचे वाक्य अहवालात पुढे लिहिता येत नाही. रस्त्याचे वीस-वीस मीटरचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक दिला. पदपथाची एकूण रुंदी आणि वापरायोग्य रुंदी यांचे रकाने वेगळे ठेवले. एखाद्या ठिकाणी पदपथ अडीच मीटर बांधलेला असतो; परंतु दुकानाच्या पायऱ्या एका बाजूने आणि विजेची पेटी दुसऱ्या बाजूने आल्यावर माणसाला जायला मीटरभरही वाट उरत नाही.

मापदंड म्हणून रस्तेबांधणीचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या, पादचारी सुविधांविषयीच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेत आहोत. किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी मोकळी वाट असावी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, अशी त्यांतील मुख्य अपेक्षा आहे. या तत्त्वांच्या २०१२ च्या आवृत्तीनंतर २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली आहे. म्हणून जिथे मापदंडाचा उल्लेख येईल तिथे आवृत्तीचे वर्ष लिहायचे, असा संपादनाचा पहिला नियम केला. पुण्याने स्वतः २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलेले आहे, त्याचाही संदर्भ प्रस्तावनेत एका परिच्छेदात द्यावा. त्याहून जास्त नको, कारण विभागाला स्वतःचे धोरण आमच्याकडून शिकायचे नाही.

२६ ऑगस्ट

मोजणी सुरू आहे. एकच तुकडा दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मोजायचा आणि दोन्ही मापे जुळली तरच नोंद पक्की धरायची, अशी पद्धत ठेवली आहे. मापे न जुळण्याचे कारण बहुतेक वेळा टेप हे नसते. झाडाचा बुंधा मोजायचा की त्याभोवतीचा पार, चेंबरचे झाकण वर आले असेल तर ती जागा वापरायोग्य धरायची की नाही, अशा बाबतींत दोन जोड्यांनी दोन निर्णय घेतलेले असतात. असा प्रत्येक निर्णय मी वेगळ्या वहीत लिहून ठेवते. ‘मोजणीचे नियम’ हे परिशिष्ट त्यातूनच तयार होईल.

सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हा रस्ता सारखा नसतो. सकाळी दुकाने बंद असतात आणि पदपथ मोकळा असतो. संध्याकाळी दुचाक्या, हातगाड्या आणि दुकानाबाहेर मांडलेला माल यांमुळे चालणारे खाली वाहनांत उतरतात. म्हणून ‘कायमचा अडथळा’ आणि ‘वेळेनुसार येणारा अडथळा’ असे दोन वर्ग केले. आज हा भेद साधा वाटतो आहे, पण अहवालातल्या शिफारशी बहुधा यावरच उभ्या राहतील.

१६ सप्टेंबर

येत्या १९ तारखेला गणेश चतुर्थी आहे आणि मंडपांची उभारणी पूर्ण झाली आहे. या काळातली मापे वर्षभराच्या स्थितीविषयी काही सांगणार नाहीत, म्हणून २८ तारखेच्या विसर्जन मिरवणुकीपर्यंत मोजणी थांबवली. थांबण्याचे कारण अहवालाच्या ‘मर्यादा’ या भागात स्पष्ट लिहायचे आहे. उत्सवाच्या दिवसांत पादचाऱ्यांचे काय होते हा महत्त्वाचा प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर आमच्या तक्त्यांत नाही.

या मोकळ्या दिवसांत मॅडमनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या पुणे पाहणीविषयी सांगितले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचा पहिला भाग १९४५ मध्ये, दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच शहरात, घरोघरी जाऊन, इतक्या चिकाटीने हे काम झाले होते याचा मला मनापासून अभिमान वाटला. शहराच्या कारभाराला उपयोगी पडायचे असेल तर मात्र वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आमचा भागीदार वर्षांची वाट पाहू शकत नाही. जानेवारीच्या आत त्याच्या हाती काही दिले नाही, तर या वर्षीचे काम पुढच्या वर्षावर जाईल.

५ ऑक्टोबर

पहिला मसुदा एकत्र केला. चौघांनी चार प्रकरणे लिहिली आहेत आणि प्रत्येकाचा सूर निराळा आहे. एकाचे लेखन वर्तमानपत्री आहे, दुसऱ्याचे पाठ्यपुस्तकी, तिसरीने सरकारी पत्रांची भाषा उचलली आहे. सूर नंतर जुळवता येईल. त्याआधी प्रत्येक विधानाच्या समासात त्याचा आधार लिहायचा, असे मी सुचवले आणि सर्वांनी ते मानले. आधार म्हणजे तुकड्याचा क्रमांक, मुलाखतीचा क्रमांक किंवा नियमाचे कलम, यांपैकी एक. तिन्हींपैकी काहीच नसेल तर समास रिकामा ठेवायचा.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच ओळींचे समास रिकामे राहिले. ‘नागरिक त्रस्त झाले आहेत’, ‘ज्येष्ठांची मोठी गैरसोय होते’, ‘बहुतेक ठिकाणी फरशा उखडलेल्या आहेत’ अशी ती वाक्ये आहेत. ती खोटी आहेत असे कोणीच म्हणत नाही. तो रस्ता आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे किती आणि कुठल्या तुकड्यांवर, हे सांगितल्याशिवाय कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून कामाचे पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करता येणार नाही. काही वाक्यांचा आधार तक्त्यांत सापडला आणि ती अधिक नेमकी झाली. उदाहरणार्थ, फरशांविषयीच्या वाक्याच्या जागी तुकड्यांची क्रमवार यादी आली आणि वाचायला ती कोरडी असली तरी कामाची आहे. काही वाक्ये गाळली. उरलेल्यांसाठी पुन्हा रस्त्यावर जावे लागेल. संपादन म्हणजे लिहून झालेल्या मजकुराची साफसफाई, अशी समजूत घेऊन आम्ही या कामाला लागलो होतो. प्रत्यक्षात पाहणीत काय राहून गेले आहे हे संपादनाच्याच टेबलावर कळते आहे.

१३ ऑक्टोबर

पथारी व्यावसायिकांविषयीच्या भागावर आजचा पूर्ण दिवस गेला आणि मला वाटते की संपूर्ण अहवालात एवढी काळजी दुसऱ्या कुठल्याही भागाला लागणार नाही.

मसुद्यात पदपथावरील सर्व अडथळे ‘अतिक्रमण’ या एका मथळ्याखाली आले होते. त्यात हातगाड्या होत्या, दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या होत्या, विजेच्या पेट्या होत्या, दिशादर्शक फलकांचे खांब होते आणि बसथांब्याची शेडही होती. एका मथळ्याखाली हे सगळे ठेवले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हातगाडी येते, कारण ती उचलून नेता येते. विजेची पेटी तिथेच राहते. आम्ही तक्ते पुन्हा लावले आणि वापरायोग्य रुंदी १.८ मीटरच्या खाली गेलेल्या प्रत्येक तुकड्यावर सर्वांत अरुंद जागा कशामुळे झाली आहे, ते वेगळे काढले. अशा जागांपैकी मोठ्या भागात कारण कायमच्या बांधकामाचे किंवा सार्वजनिक यंत्रणांनीच बसवलेल्या वस्तूंचे निघाले. हातगाडी तिथे नसती तरी वाट अरुंदच राहिली असती. हा निष्कर्ष आमच्या एकाही प्रस्तावात नव्हता.

कायद्याची बाजूही नीट मांडायला हवी होती. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे विनियमन यांविषयीचा केंद्रीय कायदा २०१४ चा आहे. पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे आणि ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे त्यात म्हटले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, ही तरतूदही त्यातच आहे. विक्रेत्याची जागा कुठे असावी हे ठरवण्याचा मार्ग या समितीतून जातो. विद्यार्थ्यांच्या अहवालाने तो ओलांडून ‘येथील विक्रेते हलवावेत’ असे लिहिणे कायद्यालाही धरून नाही आणि ज्यांनी आम्हांला बसायला जागा देऊन मोकळेपणाने माहिती सांगितली त्यांच्याशी प्रामाणिकही नाही.

म्हणून तीन निर्णय घेतले. विक्रेत्यांची नावे, गाड्यांची छायाचित्रे आणि नेमकी जागा अहवालात येणार नाही. केवळ तुकडा क्रमांक आणि वेळ येईल. मुलाखतीतील वाक्ये ज्याची त्याला वाचून दाखवून, त्याची संमती घेऊनच छापली जातील. जिथे विक्री आणि चालणे दोन्हींना जागा पुरेल असे मापांवरून दिसते, ते तुकडे वेगळ्या तक्त्यात दिले जातील, म्हणजे समितीपुढे प्रश्न गेला तर तिला हा तक्ता वापरता येईल. गटातल्या एकाचे मत असे पडले की यामुळे अहवाल बोटचेपा होईल. चर्चा बराच वेळ चालली. माझे मत असे की ज्या माणसाच्या पोटावर आपल्या एका ओळीचा परिणाम होऊ शकतो, त्याच्याविषयी आपल्या मापांना जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. शेवटी सर्वानुमते हाच मजकूर राहिला.

२७ ऑक्टोबर

दसरा झाला आणि रिकाम्या समासांची यादी घेऊन पुन्हा रस्त्यावर गेलो. या वेळी चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या एक ताई आमच्याबरोबर होत्या. उतार १ : १२ पेक्षा तीव्र असू नये, हे आम्ही मापून नोंदवले होतेच आणि कोपऱ्यावरचा उतार त्यात बसतही होता. परंतु वाहने चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी बसवलेल्या खांबांमधून खुर्ची जाईना. तिला साधारण ९० सेंटिमीटर मोकळी वाट लागते. आमच्या तक्त्यात उताराचा रकाना होता, खांबांमधील अंतराचा नव्हता. तो आज घातला आणि सर्व कोपरे पुन्हा मोजले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा उद्धृत करणारा परिच्छेद मसुद्यात होता, त्याच्या शेजारी आता या कोपऱ्यांची मापे आली आहेत. ताईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. पदपथ मध्येच तुटला की पाऊणशे पावले उलट येऊन खाली उतरावे लागते, कारण उतार फक्त टोकांना आहेत. त्यामुळे ‘सलगता’ हे स्वतंत्र प्रकरण करत आहोत.

३ नोव्हेंबर

क्षेत्रीय कार्यालयात मसुद्यावर चर्चा झाली. साहेबांनी आधी तक्ते पाहिले, मग शिफारशी आणि शेवटी प्रस्तावना. अहवालाची पाने आम्ही नेमकी याच्या उलट क्रमाने लावली होती. तो क्रम आता बदलतो आहोत.

त्यांच्या सूचना मोलाच्या होत्या. एका तुकड्यावर कडेचा दगड मापदंडापेक्षा बराच उंच आहे, असे आम्ही लिहिले होते. ते बांधकाम मापदंड येण्याच्या आधीचे असून तिथे पदपथाखाली जुनी वाहिनी असल्याने उंची कमी करायची तर वाहिनीही खाली घ्यावी लागेल, असे त्यांनी सांगितले. माप बदलले नाही; ‘विभागाचे म्हणणे’ त्याच पानावर आले आणि ती शिफारस दुरुस्तीच्या यादीतून मोठ्या कामांच्या यादीत गेली. ऑगस्टमध्ये घातलेली अट आज किती उपयोगी पडली, हे गटातल्या सर्वांच्या लक्षात आले.

दुसरी सूचना भाषेविषयी होती. आमच्या शिफारशी ‘करण्यात यावे’, ‘हटवण्यात यावेत’ अशा संपत होत्या. कनिष्ठ अभियंता मॅडम म्हणाल्या, “हे कोणी करायचे ते लिहा ना. नाहीतर कागद चार विभागांत फिरतो आणि प्रत्येक जण म्हणतो की आमच्याकडचे नाही.”

२२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर गट पुन्हा जमला. शिफारशींचे प्रकरण मुळापासून नव्याने लिहिले, या वेळी प्रत्येक शिफारशीचा कर्ता ठरवून. पेव्हिंग ब्लॉक आणि चेंबरची झाकणे पथ विभागाकडे आहेत. पथदिव्यांचे खांब विद्युत विभागाकडे. डीपी आणि विजेच्या पेट्या महावितरणकडे. बसथांब्याची शेड शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे. दुचाक्यांच्या पार्किंगचा निर्णय वाहतूक पोलिसांशी बोलल्याशिवाय होत नाही. झाडांबाबत आम्ही काहीही हलवायला सांगितलेले नाही. महाराष्ट्रात शहरी भागातील वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड काढता येत नाही. शिवाय या रस्त्यावर दुपारी चालणे शक्य होते ते त्यांच्याच सावलीमुळे. बुंध्याभोवतीचे उंच पार सपाट जाळीने बदलावेत, एवढेच सुचवले आहे.

आता एक शिफारस अशी वाचली जाते : ‘तुकडा १४ : महावितरणने विजेची पेटी पदपथाच्या कडेला भिंतीलगत सरकवावी, पेटी सरकल्यास वापरायोग्य रुंदी १.१ मीटरवरून २ मीटर होईल. हे काम पथ विभागाच्या फरशीदुरुस्तीच्या आधी व्हावे.’ कोण, काय, किती आणि कशाच्या आधी, हे चारही या वाक्यात आहे. अशी वाक्ये लिहायला पूर्ण परिच्छेदाएवढा वेळ लागतो, कारण प्रत्येकासाठी कोणाला तरी फोन करून अधिकार कोणाचा हे विचारावे लागते.

छायाचित्रांच्या ओळीही तपासल्या. ‘पदपथाची दुरवस्था’ अशी ओळ जिथे जिथे होती तिथे तुकडा क्रमांक, दिशा, तारीख आणि वेळ घातली. एक सुंदर छायाचित्र गाळावे लागले, कारण त्यातला विक्रेता पाठमोरा असूनही ओळखू येत होता.

१ डिसेंबर

गटाबाहेरच्या दोघांकडून अंतिम वाचन करून घेतले. एक स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे आणि दुसरे या रस्त्यावर राहणारे निवृत्त शिक्षक. तिने मापांची एककं सर्वत्र सारखी करायला लावली. काही ठिकाणी फूट राहिले होते. काकांनी शुद्धलेखन तर पाहिलेच, पण दोन तुकड्यांच्या वर्णनात चौकाचे जुने आणि नवे नाव मिसळले आहे तेही दाखवले. दोन्ही नावे ठेवली, कारण महापालिकेच्या कागदांत एक चालते आणि लोकांच्या तोंडी दुसरे.

अहवाल पूर्ण मराठीत आहे. राज्यात स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी सक्तीची करणारा कायदा २०२२ मध्ये झाला. तो नसता तरी आम्ही हाच निर्णय घेतला असता, कारण हे कागद ज्या मुकादमापर्यंत आणि ठेकेदाराच्या माणसापर्यंत पोहोचायला हवेत ते मराठीत काम करतात.

८ डिसेंबर

अहवाल क्षेत्रीय कार्यालयात दिला आणि आवक क्रमांक घेतला. सोबत मूळ तक्ते, मोजणीचे नियम आणि तुकड्यांचा नकाशा दिला. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांच्यासाठी दोन पानांचा सारांश छापला असून तो सोमवारी, ११ तारखेला, वाटायचा आहे. त्याच दिवशी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो, त्यामुळे या विषयावर लोकांशी बोलायला ती वेळ चांगली आहे.

देखभाल-दुरुस्तीच्या यादीतील पहिल्या सहा तुकड्यांची पूर्वगणनपत्रके करायला घेतो, असे साहेबांनी सांगितले. महावितरणला पत्रही क्षेत्रीय कार्यालयच पाठवणार आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी हेच तुकडे, याच नियमांनी, ऑगस्टमध्येच मोजावेत. उत्सवाच्या काळाची पाहणी करायची असल्यास तिचा नोंदतक्ता वेगळा करावा आणि खांबांमधील अंतराचा रकाना त्यात पहिल्यापासून ठेवावा. कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा आणि निर्णयांची वही विद्यापीठातील आमच्या विभागाच्या ग्रंथालयात मॅडमच्या नावे ठेवली आहे.